देवळीतला डबा, ७४ हाली आणि एक हरवलेली पाच

मे २०२४. दुपारी जेवून बसलो होतो आणि मित्राचा फोटो आला व्हॉट्सअॅपवर. बाजेवर चादर अंथरलेली, त्यावर नोटा पसरून ठेवलेल्या, उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर कुठे वाटी कुठे स्टीलचा पेला, आणि खाली एकच ओळ, "काय येतील रे याचे?" मी फोटो मोठा करून बघितला आणि पहिलं काही दिसलं असेल तर ते म्हणजे उजव्या कोपऱ्यातली एक नोट चकाकत होती. कागद असा चकाकत नाही. लगेच फोन लावला, म्हटलं आता कुणीही कशाला हात लावू नका, पण डबा सापडून चार दिवस होऊन गेले होते आणि त्या चार दिवसांत व्हायचं ते बरंचसं झालेलं होतं.

मी जुन्या नोटा जमवतो, पंधरा वर्षं होऊन गेली, त्यामुळे "आमच्याकडे सापडल्यात, बघ जरा" असे फोटो महिन्याला दोन-तीन येतातच. त्यातलं बहुतेक एका वाक्यात सांगून संपतं. ही केस मात्र सविस्तर लिहून ठेवतोय, कारण घरात जुन्या नोटा सापडल्यावर जे जे होऊ शकतं ते सगळं या एकाच घरात एका आठवड्यात झालं, आणि त्यातून एक गोष्ट मला स्वतःलाही नव्याने समजली, ती म्हणजे नोटांपेक्षा त्यांच्यासोबत सापडलेला फालतू वाटणारा कागद जास्त बोलतो.

घर परभणी जिल्ह्यातलं. जुना माळवदाचा वाडा, पावसाळ्याआधी पाडून स्लॅब टाकायचा ठरलेलं. मित्राच्या आजोबांचं, म्हणजे घरात सगळे ज्यांना आण्णा म्हणतात त्यांचं, मोंढ्यात आडतीचं दुकान होतं, कापसाची आडत. देवघराची भिंत पाडताना देवळीच्या मागे पोकळ जागा निघाली, आत पत्र्याचा डबा, डब्यात मांजरपाटाच्या फडक्यात गुंडाळलेल्या नोटा. त्याच दिवशी मित्राच्या वडिलांची जुनी ट्रंकही उघडली गेली (वडील जाऊन सहा-सात वर्षं झालीत), तिच्यातही थोड्या जुन्या नोटा निघाल्या. आणि मग घरच्यांनी काय केलं, तर दोन्हीकडच्या नोटा एकत्र करून एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकल्या. ही पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, इस्त्रीपेक्षाही मोठी. इस्त्रीचं पुढे येतंय.

फोटो आल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी गावी पोचलो. मोजल्या तर ३१ नोटा. त्यातल्या २२ हैदराबाद संस्थानच्या, १४ एक रुपयाच्या, ५ पाचच्या, ३ दहाच्या. सहा नोटा सहाव्या जॉर्जच्या, चार दहाच्या आणि दोन दोनच्या. एक हजाराची मोठी नोट. आणि दोन ट्रॅक्टरवाल्या पाचच्या.

मराठवाड्याबाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. १९४८ पर्यंत आमचा भाग निजामाच्या राज्यात होता आणि निजामाचं चलन वेगळं होतं. त्याला उस्मानिया सिक्का म्हणायचे, बोलीत हाली. इंग्रज सरकारचा रुपया तो कलदार. म्हातारी माणसं अजून "कलदार रुपया" म्हणतात तो हाच. सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव होता. कागदी नोट निजामाने काढली ती १९१८ मध्ये, कारण पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा झाला होता, त्याच कारणाने इंग्रजांनीही ३० नोव्हेंबर १९१७ ला आपल्याकडची पहिली एक रुपयाची नोट काढली होती. हाली नोटांवर मुख्य मजकूर उर्दूत, पण किंमत मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीतही, कारण राज्यात तेवढ्या भाषांची रयत होती. मला या नोटांचं वेड आहे ते मुख्य याच्यामुळे, निजामाच्या सरकारी कागदावर आपलं बाळबोध अक्षर बघितलं की बरं वाटतं. काही नोटांवर फसली साल असतं, त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल साधारण निघतं, म्हणजे १३५५ फसली धरलं तर १९४५-४६. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस अॅक्शननंतरही, म्हणजे भारतीय सैन्याने निजामाचं राज्य भारतात आणल्यावरही, हाली लगेच गेलं नाही, १९५० पासून भारतीय रुपया सोबत चालायला लागला आणि १९५९ ला हाली कायमचं बंद.

आता नुकसानाचं. वहिनींनी एक रुपयाच्या चार नोटांना इस्त्री केली होती. त्यांना दोष देत नाही, घडी पडलेल्या, मातीचा वास येणाऱ्या नोटा बघून घरातल्या कुठल्याही नीटनेटक्या बाईला तेच सुचेल, त्यांनी तर वरून सुती कापड ठेवून जपून केली होती. पण आधी पाणी शिंपडलं होतं. त्या चारपैकी एक मी खिडकीशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. जुन्या नोटेचा कागद हाताला जिवंत लागतो, थोडा खरखरीत, छपाईची शाई बोटाला किंचित उंच जाणवते, घडीच्या जागी तंतू उभे राहिलेले दिसतात. या नोटेत ते काहीच नव्हतं, सगळं एका पातळीत बसलेलं, कडा गोलसर झालेल्या, आणि मधल्या घडीच्या जागी ओल सुकल्याची फिकट तपकिरी रेघ. शेजारी इस्त्री न केलेली तीच नोट ठेवली. ती चुरगळलेली, मळकी, एका कोपऱ्याला कसर लागलेली, तरी कुणाही संग्राहकाला विचारा, तो दुसरीच उचलेल. वहिनी बघत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे मळकी जास्त चांगली?" मी म्हटलं हो वहिनी, मळ खरा आहे. त्या नंतर बराच वेळ गप्प होत्या आणि मला बोलून गेल्याचं वाईट वाटलं.

चकाकणारी नोट म्हणजे दहाची एक, मित्राच्या धाकट्या भावाने तालुक्याला नेऊन लॅमिनेट करून आणलेली, "खराब होऊ नये म्हणून". लॅमिनेशनमध्ये गरम डिंकाचा थर कागदाच्या तंतूंत वितळून बसतो, ते वेष्टन नाही, तो नोटेचाच भाग होऊन जातो. लोक विचारतात काढता येतं का, तर काही जण रसायनं वापरून काढतात, पण शाई उचलली जायचा धोका मोठा, आणि घरी तर अजिबात करू नये, हेअर ड्रायर मारून ओढायचे व्हिडिओ आहेत ते बघून तर नाहीच. मी सांगितलं, आहे तशीच राहू दे. नंतर दोन डीलरना स्कॅन दाखवले तर दोघांनीही शेजारच्या साध्या दहाच्या मानाने जेमतेम चौथा हिस्सा भाव सांगितला.

कागद नाजूक असतो असं सगळ्यांना वाटतं, पण तसं नाहीये. १९१८ च्या जुलैमध्ये लंडनहून मुंबईला येणारं शिराला नावाचं जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं, त्यात भारताच्या नोटांच्या गड्ड्या होत्या, त्या वाहत किनाऱ्याला लागल्या, आणि त्यातल्या दोन दहाच्या नोटा २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात आल्या होत्या, शंभर वर्षांनी, समुद्र पिऊन. नोटेचा कागद पाणी सोसतो, घाम सोसतो, मोंढ्यातली धूळ सोसतो, आणि आपण मात्र इस्त्री, सेलोटेप आणि लॅमिनेशन यांनी त्याला चार दिवसांत संपवतो.

मग संध्याकाळी धाकट्या भावाने बाजूला घेऊन सांगितलं ते वेगळंच होतं.

त्याने डबा सापडला त्याच रात्री ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटेचा फोटो एका खरेदी-विक्रीच्या अॅपवर टाकला होता, कारण "ट्रॅक्टरवाली पाचची नोट, दहा लाख मिळवा" असे व्हिडिओ त्याने बघितले होते. सोबत हैदराबादच्या पाचचाही फोटो टाकला. अर्ध्या तासात फोन. समोरचा माणूस अगदी अदबीने हिंदीत बोलला, मग रिझर्व्ह बँकेचं चिन्ह असलेलं पत्र पाठवलं, त्यावर याचं नाव, दोन्ही नोटांचे नंबर, आणि किंमत ११ लाख. आधी नोंदणीचे १,२५० भरा. भरले. मग जीएसटीचे ८,६००, ते "परत मिळणारे". तेही भरले. मग म्हणाला तपासणीसाठी हैदराबादची पाच कुरिअरने पाठवा, ट्रॅक्टरवाली नको, ती माणूस येऊन घेईल. याने पाठवली. मग इन्कम टॅक्स क्लिअरन्सचे २१,००० मागितले तेव्हा याच्याकडे नव्हते, म्हणून थांबला. घरात कुणालाच माहीत नव्हतं. ९,८५० रुपये आणि एक नोट गेलेली, आणि हा पोरगा चार दिवस रोज त्या माणसाच्या फोनची वाट बघत होता.

इथे स्पष्ट लिहितो. रिझर्व्ह बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नसते, त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही, कुणाला तसा अधिकार दिलेला नाही, आणि हे बँकेने स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलंय. ट्रॅक्टरवाली पाचची नोट प्रचंड संख्येने छापली गेलीय, आजही ती चालते, नंबर अगदीच खास असला तर थोडं वेगळं, नाहीतर तिचे पाच रुपये. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा खरेदीदार हा खरेदीदार नसतो, नोट कुठलीही असो. आम्ही त्याच रात्री १९३० ला फोन केला, सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाकली, ट्रान्झॅक्शनचे नंबर दिले. चार दिवस उशीर झालेला, पैसे पुढे काढून घेतलेले होते, परत काही मिळालं नाही. पहिल्या एक-दोन तासांत फोन केला तर खातं गोठवायची शक्यता राहते म्हणून लाजेपायी गप्प बसू नका, त्याच्या वयाच्या पोरांना हे खास सांगावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या. मित्राच्या वडिलांची मोठी बहीण, वय ८४, परभणीला असतात. पिशवीतल्या नोटा मी पुन्हा चादरीवर लावत होतो आणि त्यांनी विचारलं, "आन् त्यो फडक्यातला कागद कुठंय?" कुठला कागद, कुणालाच कळेना. मांजरपाटाचं फडकं वहिनींनी धुवायला टाकलं होतं, अजून बादलीत भिजवलं नव्हतं हे नशीब. त्याच्या आत, शिवणीला चिकटलेली, आडतीच्या पावतीच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी. कागद बिस्किटासारखा कडक झालेला, अर्धी मोडीत, अर्धी बाळबोध. मला मोडी चाचपडतच वाचता येते, आकडे आधी लागले, मजकूर नंतर एका ओळखीच्या मोडीवाल्या सरांकडून वाचून घेतला. श्रावण, शके १८७०. म्हणजे १९४८ चा ऑगस्ट, पोलीस अॅक्शनच्या महिनाभर आधी. आणि खाली हिशेब: हाली ७४, त्याचे कलदार ६३ रुपये ६ आणे, रोख कलदार ४४, एकूण १०७ रुपये ६ आणे.

आत्या तेव्हा आठ वर्षांच्या. त्या सांगत होत्या, "रझाकाराच्या भ्यानं आम्ही समदे वऱ्हाडात गेलो, सरहद्दीच्या पल्याड, मामाच्या गावाला. आण्णा म्हणले घरात काय ठिवलंय ते म्या परत आल्यावर काढीन. पर तिथंच त्यास्नी ताप आला." आण्णा परत आलेच नाहीत. सप्टेंबरनंतर कुटुंब परतलं, दुकान दुसऱ्याच्या ताब्यात गेलं होतं, ते वर्षभराने मिळालं, पण देवळीमागचा डबा माहीत असलेला एकटा माणूस वऱ्हाडातच वारला होता. आत्यांना एवढंच आठवत होतं की आण्णा रात्री कंदिलापाशी फडक्यात काहीतरी बांधत होते आणि आत चिठ्ठी ठेवली. ७६ वर्षं त्या ते कुणाला बोलल्या नाहीत, कारण लहान पोरीचं कुणी ऐकलं नसतं आणि पुढे त्यांना स्वतःलाच ते खरं की स्वप्न ते कळेना.

मी चिठ्ठी हातात घेऊन हिशेब लावायला बसलो. कलदार ४४: सहाव्या जॉर्जच्या दहाच्या चार आणि दोनच्या दोन, बरोबर ४४. म्हणजे या सहा नोटा डब्यातल्या. हजाराची आणि ट्रॅक्टरवाल्या या नंतरच्या, म्हणजे ट्रंकेतल्या. एका चिठ्ठीने दोन्ही सापडी परत वेगळ्या झाल्या. आता हाली. एकच्या चौदा, पाचच्या पाच, दहाच्या तीन, १४ अधिक २५ अधिक ३०, होतात ६९. चिठ्ठीत ७४. पाचचा फरक. मी दोनदा मोजलं आणि मग धाकट्या भावाकडे बघितलं, तो भिंतीला टेकून उभा होता, त्याने मान खाली घातली. आण्णांनी ७६ वर्षांपूर्वी लिहिलेल्या हिशेबात त्याची चोरीला गेलेली नोट अचूक कमी पडत होती. घरात सगळ्यांना तेव्हा कळलं.

आणखी एक गोष्ट मला दिसली ती सांगतो कारण संग्राहकांना आवडेल. उरलेल्या पाचही पाचच्या नोटांना वरच्या डाव्या बाजूला एकाच जागी टाचणीची दोन भोकं होती, भोकांभोवती गंजाचा डाग, आणि तो डाग नोटेगणिक कमी होत गेलेला. डागाच्या क्रमाने नोटा एकावर एक ठेवल्या तर भोकं तंतोतंत जुळली, पण सगळ्यात वरची, सगळ्यात गडद डागाची नोट नव्हती. भावाने कुरिअर करायच्या आधी काढलेल्या फोटोत ती होती: तीच दोन भोकं, गर्द तपकिरी वर्तुळं, आणि नंबर स्पष्ट. ही सहावी. आपल्याकडे गड्ड्या टाचून ठेवायची पद्धतच होती, बँकासुद्धा स्टेपल मारायच्या, रिझर्व्ह बँकेच्या क्लीन नोट पॉलिसीनंतर ते थांबलं, त्यामुळे जुन्या भारतीय नोटेला भोक दिसलं म्हणून कुणी नाक मुरडत असेल तर त्याला हा विषय माहीत नाही असं समजा. इथे तर भोकांनीच साक्ष दिली.

जॉर्जच्या दहाच्या चार नोटांत दोन तोंड बाजूला असलेल्या आणि दोन समोरून चेहरा असलेल्या निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी भारताच्या नोटांची फार चांगली नक्कल केली म्हणून १९४४ मध्ये वॉटरमार्कमधला राजाचा बाजूचा चेहरा बदलून समोरचा केला आणि नोटेत पहिल्यांदा सुरक्षा धागा घातला. खिडकीच्या उजेडात धरून मी आत्यांना आणि पोरांना दोन्ही दाखवले. चारही नोटांवर सही सी. डी. देशमुखांची. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नाते गावचा जन्म, आणि इंग्रज राजाच्या चेहऱ्याशेजारी एका मराठी माणसाची सही. कितीही वेळा बघितली तरी मला ती सही बघून थांबावंसं वाटतं. आणि हाली नोटांवरच्या सह्यांची गंमत याच्या उलट, निजामाचे अर्थमंत्री म्हणून ज्यांनी त्या नोटांवर सह्या केल्या त्यातले गुलाम मुहम्मद पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले आणि झाहिद हुसैन पाकिस्तानच्या स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. परभणी जिल्ह्यातल्या एका आडत्याच्या डब्यात तिन्हीकडच्या वाटा एकत्र पडलेल्या.

हजाराच्या नोटेवरून घरात वेगळीच भीती होती. ती मोठ्या आकाराची, मागे तंजावरचं बृहदीश्वर मंदिर असलेली, १९७८ च्या जानेवारीत मोरारजी सरकारने १,०००, ५,००० आणि १०,००० च्या नोटा बंद केल्या त्यातली. बदलून घ्यायला लोकांना जेमतेम तीन दिवस मिळाले होते, १६ तारखेला बंद आणि १९ पर्यंत मुदत. मित्राच्या वडिलांची ती राहून गेली असणार. त्यांनी ती ४० वर्षं ट्रंकेत का ठेवली हे आता कोण सांगणार, तेव्हाचे हजार म्हणजे त्यांचा दोन-तीन महिन्यांचा पगार असेल, फेकवलं नसेल. कुणीतरी गावात सांगितलं होतं की जुनी हजाराची नोट घरात सापडली तर दंड होतो. तो कायदा वेगळा आहे, २०१७ चा, आणि तो २०१६ मध्ये बंद झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटांसाठी. त्यात सुद्धा दहापर्यंत नोटा ठेवता येतात, अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत, त्याच्या वर ठेवल्या तर दहा हजार किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, जे जास्त असेल तो दंड. म्हणून नव्या संग्राहकांना सांगतो, २०१६ च्या नोटांचे बंडल जमवायच्या भानगडीत पडू नका. मंदिरवाल्या नोटेचा त्याच्याशी संबंध नाही. बँकेत तिचे पैसे मिळणार नाहीत, पण संग्राहकांत तिला नेहमी मागणी असते.

मग विषय आला वाटणीचा. दोन भाऊ आणि सोलापूरला दिलेली बहीण. पहिला विचार सरळ होता, ३१ नोटा, तीन ठिकाणी वाटून टाकू, ज्याला विकायचं त्याने विकावं. मी तिथे बाहेरचा माणूस, पण बोललो. माझं म्हणणं असं होतं की ट्रंकेतल्या नोटा हव्या तशा वाटा, विका, काहीच बिघडत नाही, तशाच नोटा बाजारात आहेत. डब्यातल्या २८ नोटा, फडकं आणि चिठ्ठी हे मात्र एकच आहे. हालीची एक रुपयाची नोट प्रदर्शनात कुठेही मिळेल. पण कुणी ठेवली, कधी ठेवली, का ठेवली, किती ठेवली आणि हिशेब स्वतःच्या हाताने लिहिलेला, अशी सापड मी पंधरा वर्षांत हातात घेतली नव्हती. सुट्या केल्या की त्या पुन्हा कुठल्याही २८ नोटा होतात. मी हेही सांगितलं की पैशाच्या दृष्टीने बघितलं तर सगळ्या मिळून एखादी बरी मोटारसायकल येईल इतकंच, वाडा बांधून होणार नाही, म्हणजे मोहही तेवढाच ठेवा.

बहीण लगेच तयार झाली. थोरला विचारात पडला कारण स्लॅबला पैसे हवे होते, आणि ते खरंही होतं, घर अर्धं पाडून ठेवलेलं असताना "वारसा जपा" म्हणणं सोपं असतं हे मलाही कळतं. शेवटी हजाराची नोट विकायची ठरली. ती विकण्याआधी पीएमजीकडून ग्रेड करून, म्हणजे नोटेची प्रत ठरवून सीलबंद करून घ्यायची का यावर आम्ही बराच वेळ घातला. परदेशी कंपनी, एजंटमार्फत पाठवायची, फी, विमा, काही महिने थांबायचं, आणि आपल्या नोटेला दोन घड्या आणि एक शाईचा डाग, म्हणजे फार तर व्हेरी फाइन, बऱ्यापैकी वापरलेली. त्या ग्रेडला ग्रेडिंगचा खर्च निघत नाही असं माझं मत, युएनसी म्हणजे न वापरलेली कोरी नोट असती तर गोष्ट वेगळी. तशीच विकली, तीन जणांकडून भाव घेऊन, समोरासमोर, पैसे खात्यात आल्यावर नोट हातात. थोरल्याने त्यातला धाकट्याचा वाटा काढून त्याला दिला, ९,८५० चं कुणी पुन्हा काढलं नाही.

डब्यातलं सगळं बहिणीकडे सोलापूरला आहे. पॉलिएस्टरच्या साध्या पारदर्शक पाकिटांत एकेक नोट, पीव्हीसीचे चकचकीत अल्बम वापरले नाहीत कारण ते काही वर्षांनी चिकट होतात आणि शाई ओढतात. इस्त्री केलेल्या चार आणि लॅमिनेट केलेली एक त्यातच आहेत, वेगळ्या काढल्या नाहीत, आण्णांच्या हिशेबातल्याच आहेत त्या. फडकं न धुता, घडी न घालता सपाट ठेवलंय. डांबरगोळ्या टाकू नका, कोरडं ठेवा, लोखंडी कपाट असेल तर भिंतीपासून लांब ठेवा एवढंच सांगितलं. प्रत्येक नोटेचे दोन्ही बाजूंचे स्कॅन, नंबर, आत्यांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं, हे तिन्ही भावंडांकडे आणि माझ्याकडे.

निघायच्या दिवशी आत्यांनी एक रुपयाची नोट मागून घेतली, विकत वगैरे नाही, बघायला. चष्मा लावून त्यांनी ती उलटीसुलटी केली, मागच्या बाजूच्या मराठी अक्षरावर बोट ठेवून हळूहळू वाचलं, मग म्हणाल्या, "आण्णाला उर्दू येत होती बरं का, समदं वाचायचे." आणि नोट परत पाकिटात घालून माझ्याकडे दिली.

सहाव्या पाचचा नंबर मी डायरीत लिहून ठेवलाय, फोटोची प्रिंटही. तो चोर ती नोट ठेवून घेणार नाही, कुठेतरी कुणाला तरी विकली असणार, आणि विकली म्हणजे ती बाजारात आहे. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनात, लिलावाच्या कॅटलॉगमध्ये, कुठेही हैदराबादची पाच दिसली की भाव नंतर विचारतो, आधी डाव्या कोपऱ्यातली भोकं आणि नंबर बघतो.